रोमेनियनची अनियमित रूपं: यादीआधी आघात शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोमेनियन बी-टू पातळीपर्यंत (युरोपीय मोजपट्टीवरची वरची मध्यम पायरी) झाली आहे, नियम माहीत आहेत, वर्तमानपत्र वाचताना फारसं अडत नाही. पण बोलायला किंवा लिहायला बसलं की नामांची अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं ऐनवेळी चुकतात. अनियमित नामं आणि क्रियापदं यांची एक पूर्ण यादी मिळेल का? आणि ती पाठ कशी करायची?

यादी मिळेल, पण ती पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही. मी ही भाषा शिकवते आणि तिच्यातून भाषांतरही करते. विद्यार्थी ज्यांना अनियमित म्हणून वेगळं काढून ठेवतात, त्यातल्या बहुतेक रूपांमागे आघाताची, म्हणजे शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर पडतो त्याची, जागा असते. आघात एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला की त्या अक्षरातला स्वर बदलतो, आणि आपल्याला वाटतं शब्दच बदलला. हे लक्षात आलं की खरोखर कुठल्याच नियमात न बसणारी रूपं फार थोडी उरतात. तेवढी मात्र घोकावीच लागतात.

पुढे जाण्याआधी इथल्या लेखनाबद्दल. रोमेनियनमध्ये 'अ' आणि 'आ' हे दोन वेगळे स्वर आहेत. शब्दाच्या शेवटचा 'अ' मी 'घरं', 'केलं'मधल्यासारखा अनुस्वाराने दाखवला आहे, तिथे नाकातला उच्चार नाही. 'स', 'फ', 'द' असे एकाक्षरी शब्द अकारासकट म्हणायचे. शेवटची ऱ्हस्व इकार, उदाहरणार्थ 'वामेनि'मधली, जेमतेम कुजबुजल्यासारखी ऐकू येते. दीर्घ ईकार मात्र पूर्ण आणि ठसठशीत असतो. या भाषेत 'इ' आणि 'उ' यांच्या मधला, जीभ मागे ओढून काढायचा आणखी एक स्वर आहे. मराठीत त्याला जोड नाही, तोही मी 'इ'नेच लिहिला आहे.

आता 'खाणे' हे क्रियापद घ्या: आ मिंका (सुरुवातीचा 'आ' ही मूळ क्रियारूपाची खूण). मी खातो: मनिंक. तू खातोस: मनिंचि. तो खातो: मनिंकं. आणि आम्ही खातो: मिंकम, तुम्ही खाता: मिंकात्सि. ते खातात: परत मनिंकं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एकवचनात मधेच एक जादा अक्षर कुठून आलं? खरं तर ते आलेलं नाही, अनेकवचनात गेलेलं आहे. मूळ लॅटिन क्रियापद 'मांदुकारे'. 'मी' आणि 'तो'च्या रूपांत रोमेनियनने आघात धातूच्या दुसऱ्या अक्षरावर ठेवला, त्यामुळे ते अक्षर टिकलं. 'आम्ही', 'तुम्ही' आणि मूळ क्रियारूप यांत आघात प्रत्ययावर गेला आणि मधलं दुबळं अक्षर गळालं. म्हणजे ही दोन रूपं एकाच धातूची आहेत, एक आघातासह आणि एक आघाताविना. 'सुकवणे' हे क्रियापदही तसंच: आ उस्का, मी उसुक, तू उसुचि, तो उसुकं, पण आम्ही उस्कम. या दोन क्रियापदांची रूपं एकापाठोपाठ मोठ्याने, आघातावर जोर देऊन म्हणून पाहा. मिंकम म्हणताना जोर शेवटी जातो, मनिंक म्हणताना तो 'निं'वर थांबतो. तोंडाला ही लय बसली की रूप आठवावं लागत नाही.

हाच नियम जरा सौम्य स्वरूपात शेकडो क्रियापदांत आहे. आघात असलेला 'ओ' आघात गेला की 'उ' होतो. आ पुर्ता म्हणजे अंगावर घालणे, वागवणे: मी पोर्त, तू पोर्त्सि, तो प्वार्तं, आम्ही पुर्तम. आ जुका, खेळणे: जोक, जोचि, ज्वाकं, जुकम. आ मुरी, मरणे: मोर, मोरि, म्वारे, मुरीम. आ पुत्या, शकणे: पोत, पोत्सि, प्वाते, पुतेम. 'तो'च्या रूपात 'ओ'चा 'वा' होतो, कारण पुढच्या अक्षरात 'अं' किंवा 'ए' आहे. 'घेणे' हे क्रियापद सगळ्यात विचित्र म्हणून दाखवलं जातं: याउ, येय, या, आणि मग लुअम, लुआत्सि, परत याउ. त्याचंही मूळ एकच, लॅटिन 'लेवारे'. आघाताखालच्या 'ले'मधला 'ल' विरघळून 'य' झाला, आघाताविना असलेल्या अक्षरात 'ल' तसाच राहिला.

नामांतही हेच घडतं, पण व्याकरणाच्या पुस्तकांत नामं एका प्रकरणात आणि क्रियापदं दुसऱ्यात असल्याने ते दिसत नाही. बहीण: सोरं, बहिणी: सुरोरि. सून: नोरं, सुना: नुरोरि. एकवचनात आघात पहिल्या अक्षरावर म्हणून 'ओ', अनेकवचनात तो पुढे सरकला म्हणून पहिल्या अक्षराचा 'उ'. पोर्त आणि पुर्तम यांच्यात जे झालं तेच. आता या दोन शब्दांतला फरक. सुरोरि हे लॅटिनमधून सरळ आलेलं अनेकवचन आहे: सोरोर, सोरोरेस. लॅटिन 'नुरुस'चं अनेकवचन मात्र असं कधीच नव्हतं. घरातली नाती सांगताना बहिणी आणि सुना हे शब्द सतत जोडीने येतात, तेव्हा लोकांनी सुरोरिच्या चालीवर नुरोरि घडवलं. या भाषेतली बरीच विचित्र रूपं अशी शेजारच्या शब्दाचं वळण उचलून झालेली आहेत.

लॅटिनचा थेट वारसा म्हणजे माणूस, डोकं आणि अंडं. ओम, अनेकवचन वामेनि: लॅटिन होमो, होमिनेस. काप, अनेकवचन कापेते: कापुत, कापिता. ओउ, अनेकवचन ओवं: ओवुम, ओवा. यात क्लृप्ती काही नाही, रोजचे शब्द आहेत, बोलताना आपोआप बसतात. ओमचं संबोधन 'ओमुले' आणि 'ती माणसं' या अर्थाचं 'वामेनीय' तेवढं सोबत शिकून घ्या. हात, मिनं, स्त्रीलिंगी आहे आणि त्याचं अनेकवचन मिय्नि.

याहून मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ताऱ्याचा गट. तारा: स्त्या. तो तारा: स्त्यावा. तारे: स्तेले. एकवचनात 'ल'चा मागमूस नाही आणि अनेकवचनात तो हजर. लॅटिन 'स्तेल्ला'मधला जोड 'ल' शेवटच्या 'आ'पुढे गळाला, 'ए'पुढे टिकला. कुत्री, कत्स्या, कत्सेले, हाही त्यातलाच. नंतर तुर्की भाषेतून शब्द आले, ज्यांचा शेवट आघाताच्या 'आ'ने किंवा 'ए'ने होत होता, आणि रोमेनियन बोलणाऱ्यांनी ते बिनदिक्कत याच रांगेत बसवले. कॉफी: काफ्या, काफेले. कोबीच्या पानात खिमा भरून केलेला, सणासुदीला हमखास लागणारा पदार्थ: सार्मा, सार्माले. उशिरा आलेला पायजमा सुद्धा: पिजामा, पिजामाले. यातल्या तुर्की शब्दांच्या मुळाशी हा 'ल' कधीच नव्हता. दिवस, झी, झीवा, झीले, हाही याच चालीवर चालतो. तेव्हा आघाताच्या 'आ'ने संपणारं नवीन स्त्रीलिंगी नाम भेटलं की आधी 'ले' लावून पाहा. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

मराठी माणसाला एका ठिकाणी जपावं लागतं, ते म्हणजे नपुंसकलिंग. आपल्याकडे तीन लिंगं असल्यामुळे रोमेनियनमध्येही तीन आहेत हे ऐकून बरं वाटतं, पण दोन्हींत साम्य फक्त नावाचं. आपल्या नपुंसकलिंगाला स्वतःची रूपं आहेत: चांगलं घर, चांगली घरं. रोमेनियन नपुंसकलिंग एकवचनात पुल्लिंगाची विशेषणं घेतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगाची. खुर्ची: उन स्काउन बुन, दोउ स्काउने बुने. म्हणून शब्द शिकताना 'एक' आणि 'दोन' लावूनच शिका. पुल्लिंगी दोनाला 'दोय', स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी दोनाला 'दोउ' लागतो. (या दुसऱ्या शब्दाचा उच्चार खरं तर 'दोवं'च्या जवळ जातो, पण घाईत तो आखूड ऐकू येतो.)

नपुंसकलिंगाच्या अनेकवचनाला दोन प्रत्यय आहेत, 'ए' आणि 'उरि', आणि कुठला लागेल हे खात्रीने सांगणारा नियम नाही. एकाक्षरी शब्दांचा कल 'उरि'कडे असतो: त्रेन, त्रेनुरि. लांब शब्दांचा 'ए'कडे: तेलेफोन, तेलेफ्वाने. हल्ली येणारे परकीय शब्द बहुतेक 'उरि' घेतात. काही शब्दांबाबत शिकलेल्या लोकांतही दोन्ही रूपं चालतात. बोगद्याचं अनेकवचन तुनेले की तुनेलुरि, यावर रोमानियन अकादमीच्या कोशाने दोन्ही ग्राह्य मानली. अशा जागी वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो जिथे अनेकवचन बदललं की अर्थ बदलतो तिथे, कारण त्या चुकीने ऐकणारा खरोखर गोंधळतो. 'काप'चंच पाहा. कापेते म्हणजे डोकी, कापि म्हणजे म्होरके, कापुरि म्हणजे समुद्रात घुसलेली भूशिरं. 'कोर्न': क्वार्ने ही जनावराची शिंगं, कोर्नुरि हे बेकरीतले चंद्रकोरी पाव, कोर्नि ही एका जातीची झाडं. 'कोत': क्वाते ही कोपरं, कोतुरि ही रस्त्याची वा नळाची वळणं, कोत्सि हे लांबीचं जुनं माप. डोळा, ओकि, अनेकवचनातही ओकिच राहतो, पण ओक्युरि म्हटलं की न्याहरीला फोडून तळलेली अंडी येतात. 'रापोर्त': राप्वार्ते म्हणजे अहवाल, रापोर्तुरि म्हणजे संबंध. भाषांतर करताना या जोडीने अनेकांना फसवलेलं मी पाहिलं आहे, कारण दोन्ही अर्थ सरकारी कागदात एकाच परिच्छेदात येऊ शकतात. 'तिंप': तिंपुरि हे काळ, तिंपि हे संगीतातले ठोके आणि इंजिनाचे स्ट्रोक. स्त्रीलिंगातही असं होतं: मासं या शब्दाचं मेसे म्हणजे टेबलं, मासे म्हणजे जनसमूह, बांदं या शब्दाचं बेन्झि म्हणजे पट्ट्या, बांदे म्हणजे टोळ्या.

स्त्रीलिंगी नामाची षष्ठी-चतुर्थी अनेकवचनाच्या रूपावरून होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच: कार्ते, कर्त्सि, म्हणून 'पुस्तकाचं' हे कर्त्सीय. प्रगत विद्यार्थी घसरतात ते पदार्थवाचक नामांवर. मांस, कार्ने, अनेकवचन कर्नुरि. पण 'मांसाचं' म्हणताना कर्नीय, त्यात 'उरि' येत नाही. माल: मार्फं, मर्फुरि, पण मर्फीय. गवत: यार्बं, येर्बुरि, पण येर्बीय. हे 'उरि' अनेकवचन मुळात 'नाना प्रकारची मांसं', 'तऱ्हेतऱ्हेचा माल' अशा अर्थाने नंतर लावलेलं आहे, त्यामुळे विभक्ती जुन्याच रूपावर चालत राहिली. बहीण मात्र इमानाने नियम पाळते: सुरोरीय, बहिणीचं.

लेखनातली एक अडचण जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे रोमेनियन माणसंही हमखास चुकतात. मुलगा (पुत्र) म्हणजे फिउ. पुत्र, अनेकवचन, शेवटी दोन 'इ'. ते पुत्र, निश्चित उपपदासह (इंग्रजी 'द'सारखं, पण नामाला मागून जोडलेलं), शेवटी तीन 'इ'. मूल या शब्दाचंही तसंच: एकवचन कोपिल, त्यातला 'ल' अनेकवचनात गळतो, उरतं 'कोपि'. त्याला अनेकवचनाची एक 'इ', मग उपपदाची आणखी एक. म्हणून 'ती मुलं' लिहिताना ओळीने तीन 'इ' येतात आणि त्यातली प्रत्येक आपलं काम करते. आता 'असणे' क्रियापद: आ फी, एक 'इ'. आज्ञा, 'शहाणा हो', दोन 'इ'. आणि नकारार्थी आज्ञा, 'होऊ नकोस', परत एकच 'इ', कारण एकवचनी नकारार्थी आज्ञा मूळ क्रियारूपावरून होते. दोन 'इ' तुमच्या मनात 'तू' या कर्त्याशी जोडलेल्या असल्या तर नकारात त्या का जातात हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

हाच नकाराचा नियम आज्ञार्थाच्या सगळ्या अनियमित रूपांत उपयोगी पडतो. कर: फ. सांग: झी. ने: दु. लॅटिनमध्ये 'कर', 'सांग', 'ने' यांची आज्ञार्थी रूपं फाक, दिक, दुक अशी आखूड होती, आणि लॅटिनच्या व्याकरणातही ती अपवादच होती. म्हणजे दोन हजार वर्षं जुना अपवाद आजच्या बुखारेस्टच्या ट्राममध्ये ऐकू येतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. नकारात मात्र हे आखूड रूप चालत नाही: नु फाचे, नु झिचे, नु दुचे. 'नु फ' किंवा 'नु झी' असं बोलताना कानावर येतं, पण ते प्रमाण मानलं जात नाही. 'ये'साठी विनो, नकारात नु वेनी. 'घे'साठी या, नकारात नु लुआ. 'दे'साठी द, नकारात नु दा.

'ये'वरून आठवलं: मी विन, तू वीय, तो विने. 'तू'च्या रूपात 'न' गेला. मी पुन (ठेवतो), तू पुय. मी स्पुन (सांगतो), तू स्पुय. मी त्सिन (धरतो), तू त्सीय. मी रमिन (राहतो), तू रमिय. पाच क्रियापदं, एकच कारण: जुन्या 'इ'पुढे 'न' विरला. ही पाच वेगवेगळी पाठ करणाऱ्यांना मी एका दमात म्हणायला लावते.

पूर्णपणे घोकायची क्रियापदं म्हणजे फी, आव्या, व्र्या, दा, स्ता, लुआ, ब्या, श्ती. यांत 'असणे' लॅटिनच्या दोन निरनिराळ्या क्रियापदांपासून जुळवलेलं आहे, म्हणून 'सुंत', 'येश्ति', 'येस्ते' आणि 'फी', 'फोस्त' यांच्यात कसलंच साम्य नाही. जुनी पुस्तकं वाचत असाल तर 'सुंत'च्या जागी 'सिंत' दिसेल. 1993 साली रोमानियन अकादमीने लेखननियम बदलले तेव्हा 'सुंत' प्रमाण ठरलं, त्याआधीच्या छपाईत 'सिंत' आहे. 'जवळ असणे' या अर्थाच्या आव्यात दोन रूपावली आहेत हे विसरू नका. मुख्य क्रियापद म्हणून: आम, आय, आरे, आवेम, आवेत्सि, आउ. भूतकाळाचं साहाय्यक म्हणून: आम, आय, आ, आम, आत्सि, आउ. तीन जागी फरक आहे आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

'स' लावून होणाऱ्या रूपात, म्हणजे 'त्याने करावं', 'तिला जायचंय' अशा वाक्यांत, तृतीय पुरुषाचा शेवटचा स्वर उलटतो. किंतं (गातो) आणि स किंते. फाचे (करतो) आणि स फाकं. वेदे (पाहतो) आणि स वादं. विने आणि स विनं. अपवाद मूठभर: स फिये, स आय्बं, स द्या, स स्त्या. आय्बंऐवजी 'आय्बे' म्हणणारे खूप आहेत. ऐकून घ्या, पण तुम्ही तसं लिहू नका.

भूतकालवाचक धातुसाधितांत मला सगळ्यात आवडणारा गट 'प्त'चा आहे. क्वाचे (भट्टीत भाजणे, पिकणे): कोप्त. फ्रिजे (आगीवर भाजणे): फ्रिप्त. सुजे (चोखणे): सुप्त. इन्फिजे (खुपसणे): इन्फिप्त. 'च' किंवा 'ज'ने संपणाऱ्या धातूला एकदम 'प' कुठून चिकटला? लॅटिन 'क्त'चा रोमेनियनमध्ये नेमाने 'प्त' झाला. आठ: ऑक्तो, ओप्त. रात्र: नोक्तेम, न्वाप्ते. दूध: लाक्तेम, लाप्ते. भाजलेलं: कोक्तुस, कोप्त. हे शब्द तुम्ही पहिल्या महिन्यातच शिकलात, तर 'कोप्त' वेगळा अपवाद उरतच नाही. 'करणे'चं धातुसाधित याच नियमाने 'फाप्त' व्हायला हवं होतं. ते तसं झालंही, पण नाम म्हणून उरलं, वस्तुस्थिती या अर्थाने. धातुसाधिताच्या जागी नंतर घडवलेलं फकुत आलं.

आता 'एझ' प्रत्यय. 'आ'ने संपणाऱ्या क्रियापदांपैकी काहींना वर्तमानकाळात 'एझ' लागतो (लुक्रेझ, मी काम करतो), काहींना नाही (किंत, मी गातो), आणि कुणाला लागतो ते कोश पाहूनच कळतं. नवीन आणि उसनी क्रियापदं बहुधा तो घेतात. लक्ष द्या ते दोन्ही प्रकारे चालणाऱ्या क्रियापदांकडे: आकोर्द म्हणजे मी बहाल करतो, आकोर्देझ म्हणजे मी वाद्य सुरात लावतो. ओर्दोनं, तो हुकूम देतो, ओर्दोन्याझं, तो क्रमाने लावतो. त्वार्नं, तो ओततो, तुर्न्याझं, तो चित्रपटाचं चित्रीकरण करतो. 'निर्माण करणे', आ क्रेआ, लिहिताना अनेकांचा एक 'ए' हरवतो. धातू 'क्रे', प्रत्यय 'एझ', म्हणून 'मी'च्या रूपात दोन 'ए' हवेतच. आ कोन्तिनुआचं 'मी'चं रूप पूर्वी शेवटी दोन 'उ' घेत असे. 2005च्या कोशापासून ते कोन्तिनुय आहे, 'तू'च्या रूपासारखंच. त्या कोशाला सगळे 'दोम' म्हणतात. पहिली आवृत्ती 1982ची, दुसरी 2005ची, तिसरी 2021ची. वाद झाला की तिसरी उघडायची.

'आवडणे' हे क्रियापद मराठी माणसाला वाक्यरचनेत घरचं वाटतं. इमि प्लाचे, मला आवडतं. इमि प्लाक, मला आवडतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जिथे आठवडा लागतो, तिथे आपल्याला काहीच लागत नाही. चूक होते ती पुढे, 'मला आवडेल' म्हणताना. मूळ क्रियारूप प्लच्या आहे, आघात शेवटी, म्हणून म्यार प्लच्या. 'म्यार प्लाचे' हे घरोघरी ऐकू येतं आणि ते अशुद्ध आहे. आपर्या (दिसू लागणे), दिस्पर्या (नाहीसं होणे), कद्या (पडणे) ही सगळी त्याच गटातली, आघात शेवटच्या 'या'वर. असंच घरोघरी ऐकू येणारं दुसरं रूप म्हणजे 'व्रोयाम', मला हवं होतं. 'इच्छिणे'ची दोन क्रियापदं आहेत, व्र्या आणि वोयी. पहिल्याचं भूतकाळी रूप व्र्याम, दुसऱ्याचं वोयाम. लोकांनी दोन्ही एकत्र कालवून व्रोयाम केलं. चांगले शिकलेले लोकही तसं बोलतात. परीक्षेत आणि पत्रात वोयाम लिहा.

कादंबऱ्या वाचताना साधा भूतकाळ भेटेल: झिसे (तो म्हणाला), फकु (त्याने केलं), फु (तो होता). बोलताना हा काळ मुख्यतः ओल्तेनियात, देशाच्या नैर्ऋत्येकडे, वापरात आहे आणि तिथे तो आत्ताच, आज घडलेल्या गोष्टीसाठी येतो. तुम्हाला तो ओळखता आला तरी पुरे. पण त्याचा धातू माहीत असला की 'केलं होतं' हे रूप आपसूक मिळतं: फकुसेम, झिसेसेम, दिलं होतं ते ददुसेम. 'प्त'वाली क्रियापदं इथे 'प्स' घेतात: कोप्त, पण कोप्सेसेम.

आता पाठ करण्याविषयी. क्रियापदाची पूर्ण रूपावली वहीत उतरवू नका. प्रत्येकाची पाच रूपं लिहा: मी, तो, आम्ही, 'स' लावलेला तो, आणि धातुसाधित. त्यात आघाताच्या स्वराखाली रेघ ओढा. आज्ञार्थ विचित्र असेल तरच सहावं. नामाची तीन लिहा: एक, दोन, आणि स्त्रीलिंगी असेल तर '-चं'चं रूप. रूप पडताळायला डेक्सऑनलाइन हा विनामूल्य कोश आहे, त्यात प्रत्येक शब्दाचा पूर्ण तक्ता आणि आघाताची खूण मिळते. आणि सुटी रूपं म्हणू नका, वाक्यात म्हणा. बहिणीपासून सुरुवात करा: सोरा म्या आरे दोउ फेते, माझ्या बहिणीला दोन मुली आहेत. आम दोउ सुरोरि, मला दोन बहिणी आहेत. कासा सुरोरीय मेले, माझ्या बहिणीचं घर. चौथं वाक्य बहिणीला हाक मारण्याचं: सोरो! ही चार न अडखळता, जोर योग्य जागी देऊन म्हणता आली की नोरं घेऊन पहिली तीन तशीच तयार करा. तिथे '-चं'चं रूप कोश न पाहता तुमच्या तोंडून नुरोरीय असं निघायला हवं.